पी. पी. नंबर

"मावशी, ओटीपी सांगा."

तहसील कचेरीच्या कंपाउंडला लागून असलेल्या महा ई-सेवा केंद्रात हे वाक्य दर दोन-चार मिनिटांनी ऐकू येतं. गाळा दहा बाय दहाचा. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, भिंतीवर दरपत्रक आणि त्याखाली 'सर्व्हर डाउन असल्यास वाद घालू नये' अशी पाटी. बाहेर पत्र्याच्या शेडखाली बाकडी. ऑक्टोबर २०२५ चे दिवस. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू होतं, त्यामुळे रांगेत बायाच जास्त. प्रत्येकीच्या हातात कॅरीबॅग आणि तिच्यात आधार, पासबुक, रेशनकार्ड अशी कागदांची एकसारखी चळत.

मावशी पन्नाशीच्या. स्वतःचा मोबाइल नाही. त्यांच्या आधारला सुनेचा नंबर जोडलेला, आणि सून सोबत आली होती. त्यामुळे पहिला ओटीपी आला, सुनेनं वाचला, केंद्रातल्या पोरानं टाइप केला. मग पोर्टलनं नवऱ्याचा आधार क्रमांक मागितला. कारण योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट, आणि विवाहितेचं कुटुंब नवऱ्याच्या आधारवरून ओळखायचं असं ठरलेलं. आधारची झेरॉक्स पिशवीत होती. आकडे टाकले आणि दुसरा ओटीपी थेट चाकणला गेला.

नवरा तिथं एका कंपनीत कंत्राटी हेल्पर. शिफ्ट सुरू होताना फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुनेनं पुन्हा पुन्हा रिंग दिली. फोन लॉकरमध्ये वाजत राहिला असणार. ओटीपीची मुदत संपली.

"शिफ्ट कधी सुटते?"

"साडेतीनला."

"मग साडेतीननंतर या. पण तेव्हा साइट चालेल का, ते मी सांगू शकत नाही."

मावशी उठल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "त्यांच्या मोबाइलचं आन् माझ्या पैशाचं काय नातं हाय?"

प्रश्न खरा होता, पण त्याचं उत्तर त्या पोराच्या हातात नव्हतं. त्यानं पुढच्या बाईचा कागद घेतला. तिचा नवरा वारलेला आणि वडीलही. पोर्टलवर त्या चौकटीत काय भरायचं, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा बायकांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, ही सोय नंतर झाली. तोवर त्या बाकड्यावर बसून होत्या.

शेजारच्या घरचा फोन

'मोबाइलसह की मोबाइलविना?' असा विषय संपादकांनी दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वेगळी माणसं होती. डोंगरात जाऊन राहिलेलं एखादं जोडपं, आठवड्यातून एक दिवस फोन कपाटात टाकणारी एखादी आयटीवाली. अशी माणसं आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी कचेऱ्या फिरलो. मोबाइल हवा की नको, हे आपल्या मनावर आहे असं आपण धरून चालतो. कचेरीत बसलं की कळतं, ते मन खिडकीपलीकडच्या माणसाचंही असतं.

जरा मागं जाऊ. पन्नाशी ओलांडलेल्यांना लग्नपत्रिकेच्या तळाशी किंवा व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढं लिहिलेली 'पी. पी.' ही अक्षरं आठवतील. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची तो काळ. अख्ख्या वाड्यात, चाळीच्या अख्ख्या मजल्यावर एखाद्याच घरात काळा फोन. "जरा कुलकर्ण्यांना बोलावता का? पाच मिनिटांनी परत करतो," असं पलीकडचा म्हणायचा आणि या घरातलं पोरगं जिने चढून कुलकर्ण्यांना हाक मारायचं. कुलकर्णी हातातला घास टाकून यायचे. फोनवाल्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून, आवाज खाली ठेवून बोलायचे, आणि त्यांच्या मुलीचं स्थळ मोडलं हे फोनवाल्यांना साहजिकच आधी कळायचं. उपकार होता आणि त्याची फेड दिवाळीच्या फराळाच्या ताटातून व्हायची.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ आले आणि हा उपकार संपला. पैसे टाकले की फोन. पुढे किराणा दुकानाच्या फळीवर रुपयाच्या नाण्याचे लाल डबे आले. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा ते श्रीमंतांचं खेळणं होतं. आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि रिक्षावाला, गवंडी, प्लंबर यांच्या खिशात फोन आला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट जवळपास फुकट झालं. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले.

या सगळ्यात पिवळ्या पाटीचा बूथ आणि लाल डबा कधी उठला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बिनफोनच्या माणसाची मात्र ते उठल्यानं कोंडी झाली. पूर्वी फोन नसणं म्हणजे फोन करता न येणं नव्हतं. रुपया खिशात असला की झालं. आज एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या, मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्याला घरी निरोप द्यायचा, तर अनोळखी तरुणाकडे त्याचा फोन मागावा लागतो. आणि अनोळखी माणसाच्या हाती फोन देऊ नका, असं त्या तरुणाला बँकेनंच बजावलेलं असतं.

नंबर म्हणजे सही

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना एक जादा पडताळणी सक्तीची केली. कार्डावर छापलेले आकडे चोराच्याही हाती लागू शकतात, तेव्हा ग्राहकाकडेच असेल असं आणखी काहीतरी हवं, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता. बँकांना सर्वांत स्वस्त आणि सोपं सापडलं ते मोबाइलवर जाणारं आकड्यांचं पाकीट. पुढं आधार आलं. आधारला मोबाइल जोडला गेला आणि मग प्रत्येक खात्याला तीच वाट सोयीची वाटली. उत्पन्नाचा दाखला, अकरावीचा प्रवेश, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, गॅसचं बुकिंग, विम्याचा दावा. बघता बघता दहा आकडी नंबर ही माणसाची सही झाली.

सही म्हटली की ती स्वतःची असायला हवी. इथंच गाडं अडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी, स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे, असं सांगितलं. उरलेल्यांच्या आधारला, बँकेच्या खात्याला कुणाचा ना कुणाचा नंबर आहेच. नवऱ्याचा, मुलाचा, पुण्यातल्या पुतण्याचा, कधी नुसताच फॉर्म भरून देणाऱ्याचा. हे नवे पी. पी. नंबर.

जुन्या पी. पी.त आणि यात एक मोठा फरक आहे. शेजारच्या घरचा फोन निरोप घ्यायचा. फार तर निरोप फुटायचा. नव्या पी. पी.वाल्याकडे किल्ली असते. पगार, पेन्शन, अनुदान जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला दिसतो. किती जमा झाले ते त्याला कळतं. मनात आणलं तर तो पैसे हलवूही शकतो. बहुतेक जण तसं करत नाहीत. पण लाडकी बहीणचे दीड हजार रुपये आले की नाही, हे बाईला नवऱ्याला विचारूनच कळत असेल, तर ते पैसे तिच्या हातात देण्यामागचा अर्धा हेतू तिथंच गळतो.

शिवाय नंबर मरतो. रिचार्ज न करता सिम पडून राहिलं, की साधारण तीन महिन्यांच्या मुदतीनंतर ते बंद होऊ शकतं आणि पुढं तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मुलगा वारला, किंवा त्यानं चांगल्या स्कीमसाठी सिम बदललं, की आईच्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी गावातल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. तो त्याला कटकट समजून पुसून टाकतो. इकडे आई बँकेत उभी. आधारला जोडलेला नंबर बदलायला बहुतेकींना आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो. आणि आयुष्यभर खुरपं धरलेल्या, उसाचं पाचट ओढलेल्या, भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. मग बाई बोट पदराला पुसते, केसांतून फिरवते म्हणजे जरा तेल लागेल, आणि पुन्हा ठेवते. रेशन दुकानात हे दृश्य दर महिन्याला दिसतं.

तरीही अंगठ्याबद्दल एक चांगलं बोलायला हवं. जिथं अंगठा चालतो, तिथं मोबाइल लागत नाही. पोस्टमन किंवा बँकमित्र आपलं छोटं यंत्र घेऊन दारात येतो, आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर रोख रक्कम काढून देतो. म्हाताऱ्या माणसांना हे फार आवडतं. "पैसं घ्यायला म्या लागते, पोराचा फोन न्हाई," असं एका आजींनी मला ठसक्यात सांगितलं. यातही फसवणूक होते, रेषा न उमटण्याचा त्रास तर आहेच. पण अंगठा निदान उसना द्यावा लागत नाही.

फोटो आला तर हजेरी

सात-बारातला सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात काय पेरलंय. बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचा. तो शेतात यायचा की चावडीत बसून लिहायचा, यावर गावोगाव विनोद आहेत, आणि त्यांतले बरेच विनोद नसून हकिकती आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात उभं राहून मोबाइलमधल्या अॅपवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. शेत कुठलं ते उपग्रहावरून अॅपलाच कळतं, म्हणून घरी बसून फोटो चालत नाही. हे मला मनापासून पटलं. आपल्या पिकाची नोंद आपण करायची, यात एक मान आहे.

पण बांधावर उभं राहिलं की दुसरी बाजू दिसते. शेत खोलगट भागात, रेंज टेकाडावर. मालक सत्तरीचे, फोन साधा बटणांचा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या दोन-तीन कॉलेजकुमारांना मागणी येते. ते मोटरसायकलवरून या बांधावरून त्या बांधावर फिरतात. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे काम होतं. कुणी पेट्रोलचे पैसे देतं, कुणी नुसता चहा पाजतं. राहिलेल्या शेतांची नोंद करायला सरकारनं पुढं सहायकही नेमले. म्हणजे तलाठ्याच्या जागी भाऊबंदांतला पोरगा आला. दुष्काळाची, अतिवृष्टीची मदत आणि विमा या नोंदीवर तोलला जातो, तेव्हा या पोराचं वजन गावात वाढणारच.

रोजगार हमीच्या कामांवर तर याहून कडक. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा अॅपवर चढवणं सक्तीचं झालं. हजेरी म्हणजे फोटो. मजुराकडे फोन असायची गरज नाही, पण मेटकडे, म्हणजे कामावरच्या मुकादमाकडे हवा, चार्ज केलेला हवा, आणि त्याला रेंज हवी. मेळघाटात, सातपुड्यात रेंज ही झाडाची, खडकाची, ठरावीक उतारावरची गोष्ट आहे. तिथल्या माणसांना कुठल्या वळणावर किती दांड्या येतात हे तोंडपाठ असतं. दिवसभर दगड वाहिलेल्या माणसाची हजेरी संध्याकाळी त्या वळणापर्यंत पोचली नाही, तर त्यानं काम केलं हे सांगायला त्याच्याकडे दुसरं काय आहे? पूर्वी मस्टरवर खोट्या नावांनी पैसे खाल्ले जात, म्हणून हे आणलं, हे मान्य. चोर पकडायला लावलेली ही चाळण बारीक इतकी, की तिच्यात प्रामाणिक माणूसही अडकतो.

माझं मत मी इथंच सांगून टाकतो. मोबाइलवरून होणारी सोय कुणी काढून घेऊ नये. पण जी कचेरी ओटीपी मागते, तिनं एक खिडकी अशी ठेवावी जिथं कागद, सही आणि समोर उभा असलेला जिवंत माणूस पुरेसा असेल. हे अशक्य नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करतात. केंद्रानं त्यासाठी २०१४ मध्ये जीवन प्रमाण हा हयातीचा डिजिटल दाखला आणला, २०२१ पासून तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. परदेशात मुलीकडे गेलेल्या आजोबांची त्यानं मोठी सोय झाली. आणि तरी सहीची यादी शिल्लक आहे. दोन्ही रस्ते एकमेकांना त्रास न देता चालतात.

फोन परत करणाऱ्या बाया

मोबाइल सोडण्याचा महाराष्ट्रातला एक मोठा प्रसंग ऑगस्ट २०२१ चा, आणि तो अंगणवाडी सेविकांचा.

त्यांना सरकारनं काही वर्षांपूर्वी फोन दिले होते. मुलांचं वजन-उंची, गरोदर बायांच्या नोंदी, आहाराचं वाटप असं सगळं त्यावर भरायचं. फोनची मेमरी दोन जीबी. माहिती भरता भरता तो तापायचा, अडकायचा. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात पडला. त्यात पोषण ट्रॅकर हे नवं अॅप आलं, तेही मराठीत नाही. दहावी-बारावी शिकलेल्या, वर्षानुवर्षं अकरा रजिस्टरं मराठीत चोख ठेवणाऱ्या बाईनं इंग्रजी रकाने कसे भरायचे? न भरले तर मानधनावर टाच. मग संघटनांनी ठरवलं आणि राज्यभर सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. टेबलांवर, सतरंज्यांवर फोनच फोन. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

याला तंत्रज्ञानाचा विरोध म्हणणं हा अन्याय होईल. त्यातल्या बहुतेकींकडे स्वतःचे फोन होते, त्यावर गटांचे मेसेज होते, आंदोलनाचा निरोपही त्यावरूनच फिरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काम करायला सांगता, तर चालणारं हत्यार आणि आमची भाषा द्या. पुढं त्यांना नवे फोन मिळाले. एकट्या सेविकेनं फोन परत केला असता, तर तिला नोटीस आली असती. लाखभर बायांच्या खात्यात हजारोंनी परत केल्यावर कार्यालयाला उत्तर द्यावं लागलं.

भोंगा

एकट्यानं आणि सर्वांनी यातला हा फरक सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं फार वेगळ्या कारणासाठी ओळखला.

मोहित्यांचे वडगाव हे कडेगाव तालुक्यातलं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. ऊस आणि साखर कारखाना या भोवती फिरणारं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळा मोबाइलवर आली. ज्या घरांत पोरांच्या हाती फोन दिला जात नव्हता, तिथंही तो द्यावा लागला, काही घरांत तर कर्ज काढून घ्यावा लागला. शाळा उघडली तेव्हा फोन काही परत आला नाही. १४ ऑगस्ट २०२२ ला महिलांच्या ग्रामसभेत ठरलं आणि सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं गावात भोंगा बसला. रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरून तो वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं पुस्तक घेऊन बसतात. साडेआठला दुसरा भोंगा, मग काय बघायचं ते बघा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त गुरुजी घरोघरी फिरून बघायचे. पुढं शेजारच्या, लांबच्या गावांतही हे भोंगे पोचले.

वर्तमानपत्रांनी याला व्यसनमुक्ती म्हटलं. मला ते नाव तोकडं वाटतं. त्या दीड तासात गावानं मोबाइलला वाईट ठरवलेलं नाही. साडेआठनंतरच्या मालिकेला, व्हिडिओला गावाची हरकत नाही. ठरलंय ते एवढंच, की सगळ्यांनी एकदम ठेवायचा. यातली खुबी पोर असलेल्या कुठल्याही घराला कळेल. एकाच घरात फोन बंद केला, तर पोर मित्राच्या ओट्यावर जातं. मालिका बंद केली, तर सासूबाई शेजारी जातात. सगळी आळी बंद असली, की कुणाला काही गमवावं लागत नाही. आई स्वतः फोन घेऊन बसली आणि पोराला 'अभ्यास कर' म्हणाली, हा रोजचा तमाशा भोंग्यानं मोडला, कारण तो आईलाही लागू होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावानं अठराखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याचीही बातमी गाजली. माझा कल वडगावकडे आहे. मुलांना बंदी आणि मोठ्यांना मोकळीक, हे पोरं फार दिवस ऐकून घेत नाहीत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसतं.

ज्यांना परवडतं

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसताना फोन जमा करावा लागतो. आर्य मौन पाळायचं, कुणाशी बोलायचं नाही, वाचायचं-लिहायचंही नाही. जाऊन आलेले सांगतात की पहिले दोन दिवस मांडीवर फोन थरथरल्याचा भास होतो, मग तो जातो. शिबिर सुटल्यावर फोन हातात घेताना नकोसं वाटतं, आणि तो घेतलाही जातो. यात गंमत अशी की या शिबिराचा अर्ज आता मुख्यतः ऑनलाइनच भरायचा असतो.

पुण्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी मोबाइल कधीच घेतला नाही, आणि हे ते अभिमानानं सांगतात. घरी लँडलाइन आहे, तिच्या शेजारी पेन्सिल बांधलेली वही. चेकनं व्यवहार, भाजी रोखीनं, पत्रं हातानं. त्यांच्याशी दोन तास बोललो. त्या दोन तासांत त्यांनी एकदाही घड्याळाखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहिलं नाही, आणि समोरचा माणूस आपलं बोलणं अख्खं ऐकतोय याची आपली सवय किती गेली आहे, हे मला जाणवलं. निघताना बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात दोन फोन होते. एक त्यांचा. "आणि हा यांचा, पण असतो माझ्याकडे. बँक, गॅस, डॉक्टरांची वेळ, सोसायटीचं, सगळं मीच बघते. हे मोबाइल वापरत नाहीत ना!"

प्राध्यापकांना मी हसत नाही. त्यांच्या दोन तासांना किंमत आहे. पण ती बाईंनी मोजली होती. मोठ्या साहेबांचंही तेच. "साहेब मोबाइल ठेवत नाहीत," असं त्यांचे स्वीय सहायक आदरानं सांगतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या हातात तीन असतात. समाजाच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला बिनमोबाइलची माणसं भेटतात आणि दोन्ही टोकांना कुणीतरी दुसरं त्यांच्यासाठी फोन धरून उभं असतं. फरक असा, की साहेबांचा सहायक साहेबांना घाबरतो. मावशींना मात्र सुनेची मर्जी राखावी लागते.

गिरणीवाल्याचा नंबर

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पिठाची गिरणी आहे. चालक चाळिशीचे. गावात स्मार्टफोन नवे होते तेव्हा यांनी घेतला. दळण घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांनी हळूहळू यांचाच नंबर जिथं तिथं लिहून दिला. गॅसला, पोस्टातल्या खात्याला, आधारला, शेताच्या नोंदीला. गिरणी दिवसभर उघडी आणि माणूस विश्वासाचा. भिंतीवर पिठानं पांढुरक्या झालेल्या एका पुठ्ठ्यावर नावं लिहिलेली आहेत, कुणाचं काय आपल्या नंबरावर आहे ते. काही नावांपुढं फुली आहे. ती माणसं आता नाहीत. त्यांच्या नावानं मेसेज अजून येतात.

यांना गेल्या वर्षी मानेचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी मोबाइल कमी करा म्हटलं. घरचे म्हणाले, साधा फोन घ्या. साध्या फोनवरही ओटीपी येतो, पण पीक पाहणीचं अॅप चालत नाही, आजींच्या खात्यात पैसे आले का ते बघता येत नाही, दिल्लीतल्या फौजी मुलाला व्हिडिओ कॉल लावून देता येत नाही. मग सिम बदलून निदान धंद्याचा आणि गावाचा नंबर वेगळा करू, असं त्यांच्या मनात आलं. ते मोजत बसले. कुणाकुणाला आधार केंद्रावर न्यावं लागेल, त्यांतल्या किती जणांना चालवत नाही, कितीजणांचा अंगठा लागत नाही.

"तुम्ही लिहिताय ते मोबाइल सोडावा का धरावा यावर ना?" त्यांनी पट्ट्याचा आवाज कमी करत विचारलं. "मग माझं लिहा. मला सोडायचाय. पण त्यासाठी ह्या सगळ्यांनी आधी घ्यायला पायजे."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी पीठ लागलेल्या बोटानं स्क्रीन पुसली आणि दाराबाहेर ओरडले, "शांताक्का, तुझा गॅस आलाय गं! नंबर सांगू का त्याला?"